अजून न आलेल्या गाडीचा भूतकाळ

सत्तावीस वर्षं मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. त्यात एक नियम असा होता की तो शिकवताना मला पुस्तक उघडावं लागत नसे. फळ्यावर एकाखाली एक पाच शब्द लिहायचे: व्हेन, बिफोर, आफ्टर, अनटिल, ॲज सून ॲज. मग मुलांकडे वळून म्हणायचं, "हे पाच दरवान. ह्यांच्या घरात भविष्यकाळाच्या विलला प्रवेश नाही. गोष्ट उद्याची असली तरी दाराच्या आत साधा वर्तमानकाळ." मुलं हसायची, वहीत चौकोन काढायची, आणि परीक्षेत एका गुणाचा प्रश्न आला की बहुतेकांना तो गुण मिळायचा.

असं का, हे मला कुणी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी ती आली. अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिका होती. वय बत्तीस-तेहतीस, अंगानं सडपातळ, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. माझ्या नणंदेचं ऑपरेशन झालं तेव्हा तिची शुश्रूषा हिनंच केली होती, आणि माझा पत्ता नणंदेनंच दिला होता. रविवारी सकाळची बस धरून ती आली, खुर्चीत नीट टेकलीही नाही आणि म्हणाली, "मॅडम, मी दोन डाव नापास झाली."

परदेशात नोकरीसाठी परिचारिकांना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. बोलणं, ऐकणं, वाचणं ह्या तिन्हीत ती पास होती. लिहिण्यात पडत होती. तिथं एक पत्र लिहायचं असतं: आपली पाळी संपली, आता हा रुग्ण दुसऱ्या परिचारिकेकडे जाणार, तर तिनं पुढं काय काय करायचं ते नीट सांगायचं.

तिनं पिशवीतून सरावाच्या वह्या काढल्या. मी वाचायला लागले. औषधांची नावं बिनचूक, रुग्णाची अवस्था स्पष्ट. पण ओळीओळीत तेच. व्हेन द डॉक्टर विल कम. बिफोर शी विल ईट. ॲज सून ॲज द फीवर विल गो. आणि एका ठिकाणी, अनटिल द डॉक्टर डझ नॉट कम. मी लाल पेन घेतला आणि पाच दरवान सांगितले. तिनं मुकाट्यानं लिहून घेतले. पुढच्या रविवारी आली तेव्हा नव्या पत्रात सात चुका होत्या, सातही त्याच.

"अगं, नियम सांगितला ना तुला?"

"सांगतला जी. पाठ हाये मले. लिवताना हात आयकत नाई." मग तिनं विचारलं, "मॅडम, पन असं काऊन हाय?"

"नियम आहे."

ती वही मिटून माझ्याकडं बघत राहिली. उद्धटपणा नव्हता तिच्या नजरेत. "पेशंटले मी सुई टोचतो ना मॅडम, तो इचारते, काऊन टोचून राहिल्या? तवा मी 'नियम हाय' म्हटलं तं तो हात मांगं घेते. त्याले सांगा लागते."

मी हसले, पण ते मनाला लागलं. ती गेल्यावर दुपारी मी कपाटातली व्याकरणाची सगळी पुस्तकं खाली काढली. चार जाडी, दोन बारकी. सगळ्यांत नियम होता, उदाहरणं होती, चुकीची वाक्यं काट मारून दाखवली होती. कारण होतं ते एका ओळीचं, की दुसऱ्या वाक्यात विल येऊन गेलेलं असतं म्हणून इथं लागत नाही. पण लागत नाही म्हणजे काय? आपल्याला तर लागत होतं. तिच्या हाताला लागत होतं. मी पुस्तकं परत ठेवली आणि पुढच्या रविवारी तिला खरं तेच सांगितलं, "मला माहीत नाही."

तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती उलट सैल झाली. पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तिनं मला घरी बोलावलं. अकोल्याहून दर्यापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं गाव. आई लहानपणीच गेलेली, घरी वडील एकटे. दोन एकर झेंडू, अर्धा एकर शेवंती, बांधाला वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. दसरा आला की फुलांची तोडाई असते आणि ती रजा काढून वडिलांच्या मदतीला जाते. "या मॅडम," ती म्हणाली, "अभ्यास वावरातच करू."

मी अकोल्याला बसनं, आणि तिथून जीपनं गेले. फाट्यावर ती उभी होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हात हिरवे-पिवळे. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि काळ्या मातीनं माझी चप्पल दोनदा काढून घेतली. शेवटी मी ती हातातच धरली. तिचे वडील बांधावर आले. पासष्टीचा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर दुपट्टा. "या जी," म्हणाले आणि एक पोतं झटकून मला बसायला अंथरलं.

दुपार कलती होईपर्यंत आम्ही तिथंच होतो. ती तोडत होती, मी जमेल तेवढं तोडत होते आणि मधूनमधून तिला वाक्यं घालत होते. आभाळ पुन्हा भरून आलं, बारीक भुरभूर सुरू झाली, म्हणून आम्ही तिघं गोठ्याच्या पत्र्याखाली आलो. तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. फुलं नेणारा अकोल्याचा व्यापारी होता. वडील मोठ्यानं बोलत होते, पलीकडच्याला ऐकू येत नसावं.

"हव, हव. पानी उघडलं का तोडाई सुरू करतो. तुमची गाडी आली का भरून देतो. तुमी निंघाले का मले फोन करा."

फोन खिशात गेला. मी परातीत फुलं निवडत होते, ती तशीच थांबले.

पानी उघडलं. गाडी आली. तुमी निंघाले.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. गाडी अकोल्यात होती. व्यापारी अजून दुकानात बसलेला होता. आणि हा माणूस सगळं झाल्यासारखं बोलला होता.

"भाऊ," मी म्हटलं, "गाडी अजून आली नाही ना?"

"नाई ना. चारले येईन."

"मग तुम्ही 'आली' कसं म्हणालात?"

मास्तरीण उन्हानं फिरली की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण ऊन तर नव्हतं. "मंग काय म्हनू?"

"'येईल' म्हणा. गोष्ट पुढची आहे ना?"

त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "गाडी येईन का भरून देतो." आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. "असं कोन बोलते मॅडम? हे तं मी त्याले इचारूनच राहिलो, बापा गाडी येईन का म्हनून. त्याले वाटन, ह्याले भरोसा नाई."

मुलगी फुलांच्या ढिगाशी उकिडवी बसली होती. तिचे हात थांबले होते. मला जे ऐकू आलं ते तिलाही आलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो. तीन महिने मी तिला सांगत होते की इंग्रजीत उद्याच्या गोष्टीला वर्तमानकाळ लावतात, आणि आम्हा दोघींना ते विचित्र वाटत होतं. आणि आम्ही दोघी जन्मल्यापासून उद्याच्या गोष्टीला सरळ भूतकाळ लावत होतो. मी आले की बोलू. पगार झाला की देते. तो आला की जेवू. साठीला आलेली बाई मी, भाषेची शिक्षिका, आणि माझ्याच तोंडात काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"भाऊ, पण का असं?" मी विचारलं. आता 'काऊन' विचारायची पाळी माझी होती.

त्यांनी घाई केली नाही. चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली, बाजूला केली. मग म्हणाले, "हे पाहा. 'गाडी आली का भरतो' असं मी म्हनतो ना, तवा मी अठी नसतो. मी तठी रस्त्यावर असतो. गाडी येऊन उभी हाय, मांगचा पल्ला खाली पडेल हाय, अन् मी पोतं उचलून राहिलो. तठून बोलतो मी." त्यांनी पावसातून रस्त्याकडं हात केला. "तठून पाह्यलं तं गाडी आलेलीच हाय ना? भरनं तेवढं बाकी हाय."

मीही त्यांच्या हाताच्या रोखानं पाहिलं. रस्त्यावर पाणी साचलेलं होतं, दुसरं काही नव्हतं. पण क्षणभर मला तिथं मागचं फळकुट पाडलेली गाडी दिसली.

"म्हनजे बाबा," मुलगी हळू म्हणाली, "मन पयले पुढं जाऊन उभं रायते."

"हव. मनाले का, भाडं लागते का?"

मग ती माझ्याकडं वळली. "मॅडम, इंग्रजीवालाबी तठीच जाऊन उभा रायते का?"

मला उत्तर माहीत नव्हतं, पण ते सापडत असल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "जात असावा. तोही इथून बोलत नाही. इथून बोलला असता तर विल म्हणाला असता. तोही तिथं रस्त्यावर जातो, आणि तिथं गाडी येते. कम्स."

"त्याच्या डोयासमोर येऊन राहिली ती."

"हो."

"अन् आपल्यापाशी येऊन गेली." ती थोडा वेळ बोटांनी मातीत काही तरी रेघा ओढत राहिली. "म्हनजे जागा येकच. आपन जरा उशिरा पोचतो."

हे कुठल्याही पुस्तकात नाही. बरोबर आहे की नाही हे मोठ्या विद्वानांनी ठरवावं. पण त्या गोठ्यात, ओल्या झेंडूच्या उग्र वासात, मला वाटलं की जगातल्या दोन लांबच्या टोकांची माणसं अजून न घडलेल्या एकाच जागी जाऊन उभी राहतात आणि तिथून मागं वळून बोलतात. कुणी त्यांना शिकवलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

चारला गाडी आली. पाऊस उघडला होता. वडिलांनी पोती भरून दिली आणि जाताना मला शेवंतीची एक जुडी बांधून दिली.

अकोल्याहून परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. इतर वेळी मी डोळे मिटते. त्या दिवशी मिटता आले नाहीत, कारण कान मिटत नव्हते. माझ्या पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "मूर्तिजापूर आलं का मले उठवजो माय." कंडक्टर एका म्हाताऱ्याला सांगत होता, "सुट्टे झाले का देतो बाबा, बसा तुमी." मागं कुणी फोनवर म्हणालं, "घरी पोचलो का करतो." बस संध्याकाळच्या उजेडात कपाशीच्या मधून चाललेली, आणि आतला एकेक माणूस सहज, काही न वाटता, पुढं जाऊन परत येत होता. मूर्तिजापूर यायला अजून बराच वेळ होता. पण त्या बाईसाठी ते आलेलं होतं. ती निर्धास्त झोपली.

मला एकटीलाच ते ऐकू येत होतं, आणि कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. घरी आले तर मी काही बोलायच्या आधीच आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "चहा झाला का सांगजो." मी दारातच उभी राहून हसले. त्यांना वाटलं मला चहा करायचा नाही.

ह्यानंतर तिच्या चुका संपल्या, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी तिनं आणलेल्या पत्रात विल एकदाही नव्हतं. पण तिथं लिहिलं होतं, व्हेन द डॉक्टर केम, टेल हिम. डॉक्टर आले की सांगा. तिचं मन रस्त्यावर पोचलं होतं, आणि वऱ्हाडी वेळेलाच पोचलं होतं.

मी लाल पेन उचलला आणि खाली ठेवला. इतकी सुंदर चूक माझ्या सत्तावीस वर्षांत कुणी केली नव्हती. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "सुंदर असन मॅडम, पन मार्क भेटन का?"

"नाही."

"मंग जरा मांगं या लागते."

मग आम्ही तसाच सराव केला. प्रत्येक वाक्याआधी ती डोळे मिटायची आणि ज्या क्षणाबद्दल लिहायचं तिथं जाऊन उभी राहायची. रुग्ण जेवतोय. ताप उतरतोय. सूज ओसरतेय. मग डोळे उघडून लिहायची. बिफोर शी ईट्स. व्हेन द फीवर गोज डाउन. अनटिलनं मात्र तिला फार छळलं. "साहेब येत नाई तोवर, असं आपन म्हनतो. त्यात 'नाई' हाय. इंग्रजीत ते 'नाई' कुठं गेलं?" मी म्हटलं, त्याला तुझ्या वडिलांना फोन लावावा लागेल. तिनं खरंच लावला. ते म्हणाले, वाट पाहनाऱ्याले 'नाई'च दिसते, येनारा दिसत नाई. तिनं ते वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

एकदा मी तिला विचारलं, एवढी मेहनत फक्त परदेशासाठी का? ती म्हणाली, "ते पत्र हाय ना मॅडम, ते लिवलं का मी तठून जाऊन राहिली. मंग पेशंट जवळ मी नाई, माये शबद हायेत. ते चुकले तं त्याले गोळी जेवनाच्या पयले भेटन का नंतर?" तेव्हा मला कळलं की तो एका गुणाचा प्रश्न नव्हता.

तिसऱ्या वेळी ती लिखाणात पास झाली, काठावर. निकाल सांगायला आली तेव्हा वडिलांनी वांगी पाठवली होती. सहा-सात महिन्यांत कागदपत्रं झाली आणि ती इंग्लंडातल्या एका लहान गावातल्या दवाखान्यात रुजू झाली. निरोपाला मला जाता आलं नाही, माझा पाय मुरगळला होता. वडील मुंबईपर्यंत सोडायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी परतले. फोनवर मला म्हणाले, शेवंती पाण्यावर आली होती, पाणी द्यायला हवं होतं, थांबता येत नव्हतं.

ती अधूनमधून फोन करते. गेल्या हिवाळ्यात एकदा केला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"मॅडम, वार्डात एक म्हातारा हाये. सुतार होता पयले. छातीचं दुखनं. डॉक्टरलोक त्याच्याबद्दल काई बोलत नाईत, तुमाले मायीत हाय त्याचा अर्थ काय रायते. आज मी त्याचा पलंग बदलवत होती, अन् तो मले म्हने, व्हेन आय गो होम, आय विल पेंट द किचन."

मी ऐकत होते.

"'गो' म्हने मॅडम. 'विल गो' नाई म्हने. मी चादर हातात घेऊन तशीच उभी. मले दिसला तो. घरी हाय, सयपाकघरात, ब्रश घेऊन. अठी पलंगावर कोनीच नाई. मॅडम, आठ वर्षं मी अकोल्यात नोकरी केली. 'घरी गेलो का हे करीन, घरी गेलो का ते करीन', रोज आयकलं मी. हर पलंगावर. मले कदी समजलंच नाई का तो मानूस तवा घरी जाऊन बोलून राहिला."

मी व्याकरण शिकवत आलेली बाई. माझ्या स्वतःच्या आईनं तिच्या शेवटच्या दुखण्यात मला किती वेळा म्हटलं होतं, बरी झाली का तुह्या घरी चार दिवस येतो. मी उशी सारखी करत 'हो' म्हणायची. 'झाली' म्हणाली होती ती. तिथं जाऊन उभी राहून म्हणाली होती, आणि मी अलीकडंच होते.

"तू काय म्हणालीस त्याला?" शेवटी मी विचारलं.

"मी म्हटलं, व्हेन यू फिनिश, सेंड मी अ फोटो."

"बरोबर आहे," मी म्हटलं. शिक्षिकेच्या सवयीनं. दोघीही हसलो.

तीन आठवड्यांनी तिनं परत फोन केला. म्हातारा घरी गेला होता. चालत नाही, चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनच्या नळकांड्यातून हवा घेत, पण गेला. दारापर्यंत खुर्ची तिनंच ढकलली. त्याची लेक गाडी घेऊन आली होती.

"रंग कोणता लावणार म्हणाला?" मी विचारलं.

"ते इचारायचं राह्यलं जी. मले दुसऱ्या पेशंटनं बेल मारली होती."